एक बॉक्स, दोन टीव्ही आणि आण्णांचा अंगठा

आमच्या दुकानात एक मोठं खोकं आहे. काम करून आलो की वायरींचे उरलेले तुकडे आम्ही त्यात टाकतो, कधीतरी लागतील म्हणून. लागत कधीच नाहीत, खोकं मात्र भरतच जातं. किश्शांचंही आमच्याकडं तसंच झालंय. फरक एवढाच की वायरींचे तुकडे कुणी मागत नाही आणि किस्से मात्र चहाच्या गाड्यावर रोज मागतात. "राजू, त्यो बिद्रीच्या लग्नाचा सांग की!" म्हणतात. सांगतो. चहा कुणाचा तेवढं आधी ठरू दे!

मी राजू. उचगावात रस्त्याकडेला माझं आणि इम्तियाजचं दुकान आहे. टीव्ही बसवणं, कॅमेरे बसवणं, असली कामं आम्ही करतो. पण अलीकडं सगळ्यात जास्त काम येतं ते एकाच प्रकारचं. एका खोलीत टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स असतो, दुसऱ्या खोलीत दुसरा टीव्ही आलेला असतो आणि त्याच बॉक्सवर तो चालवून हवा असतो. काडेपेटीएवढी एक डबी लावायची, तिच्यातनं दोन वायरी काढायच्या, एक इकडं, एक तिकडं. झालं! काम तासाभराचं. पण त्या तासाभरानंतर त्या घरात जे काही सुरू होतं ना, ते आयुष्यभर संपत नाही!

*

पहिला मान उचगावातल्याच एका पेंडीच्या व्यापाऱ्यांचा. सकाळी वायर टाकून आलो आणि दुपारी फोन!

"ओ राजूशेठ! ह्ये काय करून ठेवलंयसा? आतल्या टीव्हीवर कुस्ती लागलीया!"

"बरं, मग?"

"मग काय मग? भाईर हॉलमधीबी कुस्तीच लागलीया!"

मी समजावलं. बॉक्स एक आहे, त्यामुळं दोन्हीकडं तेच दिसणार. पटेना. "टीव्ही दोन हायती की!" हे त्यांचं पालुपद. शेवटी इम्तियाजनं माझ्या हातातला फोन घेतला. इम्तियाजला प्रत्येक गोष्ट जेवणावरून समजावून सांगायची सवय आहे.

"मालक, ऐका. पातेलं एक. त्यात आमटी. ताटं किती? दोन. आता एका ताटात आमटी वाढली आनि दुसऱ्यात बासुंदी यील काय?"

इम्तियाजनं माझ्याकडं बघून डोळा मारला. त्यांना पटलं, असं मला हळूच म्हणाला.

आणि मग पलीकडून आवाज आला, "मग बासुंदीचं पातेलं लावून द्या की! आमटी सांगिटली कुनी हुती?"

*

आता आण्णा आणि आक्कांचं सांगतो, कारण हे जोडपं आमचं लाडकं आहे.

आण्णा मूळचे कबनूरचे. सगळी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेली, त्यामुळं कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. माग विकून मुलाकडं, महावीरकडं, उचगावात राहायला आले. त्यांच्या हृदयाचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी जिना बंद केला, मग खालच्या आतल्या खोलीत कॉट टाकली, समोर टीव्ही लावला. आण्णा आवाज पूर्ण वर नेऊन टीव्ही बघणार. आक्का म्हणायच्या, "माग इकले तरी माग काय बंद झाला न्हाय!"

म्हणून महावीरनं हॉलमध्ये आक्कांसाठी वेगळा टीव्ही आणला. बॉक्स आण्णांच्या खोलीतच राहिला. आम्ही वायर ओढली. दोन्ही टीव्हीवर चित्र एकच, पण आक्कांनी आपला आवाज आपल्याला हवा तेवढा ठेवायचा. सगळे खूश!

दुसऱ्या दिवशी आक्का दारात.

"राजू, ह्यास्नी अंगठ्याचा कायतरी रोग झालाय. एका चॅनलवर थांबत न्हाईत. बाई रडाय लागली, मी पदर डोळ्याला लावला, तवर टीव्हीवर मगर!"

मी म्हटलं, "काळजी करू नका आक्का. डोळा बसवतो." डोळा म्हणजे एक बारकी वायर. तिचं टोक हॉलमधल्या टीव्हीखाली चिकटवायचं, की हॉलमध्ये बसून दाबलेला रिमोट आतल्या बॉक्सला कळतो. डोळा बसवला, आक्कांच्या हातात दुसरा रिमोट दिला. "आता तुमीबी बदला, दणक्यात!"

आक्कांनी रिमोटला छान क्रोशाचं कव्हर विणलं आणि तो टीव्हीशेजारी ठेवून दिला. वापरला एकदाही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ह्ये आत एकटं बसून बदलत्यात. मी भाईरनं कशाला मधी पडू?"

तक्रार मात्र चालूच राहिली. आठवड्यातून एकदा तरी, दुकानात येऊन, मोठ्यानं!

*

तालमीच्या मंडळाचा किस्सा तर मी मेलो तरी विसरणार नाही.

वर्ल्डकपचे दिवस. कोल्हापुरात फुटबॉलचं काय होतं ते सांगायची गरज नाही. मंडळाच्या ऑफिसात एक टीव्ही होता, पोरांनी बाहेर पटांगणात दुसरा मोठा लावायचा ठरवलं. ऑफिसला नवीन रंग दिलेला, म्हणून भिंतीला भोक पाडायचं नाही अशी अट. मग आम्ही बिनवायरची डबी बसवली. त्या डबीला एक खोड आहे. चित्र हवेतनं जातं, त्यामुळं दुसरा टीव्ही जरासा मागं चालतो. ऑफिसात गोल झाला की पटांगणात तो दोन-चार श्वासांनी होणार. पोरांना आम्ही हे सांगायचं विसरलो.

तालमीच्या वस्तादांचे गुडघे गेलेले. त्यामुळं ते ऑफिसच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले. आतल्या टीव्हीचा आवाज बंद. वस्तादांची नजर आत आणि तोंड बाहेर!

पेनल्टी सुरू झाल्या. पटांगणात चिडीचूप. वस्ताद मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "ह्यो डावीकडं मारनार. गोली उजवीकडं पडनार."

आणि तसंच झालं!

पुढची पेनल्टी. "ह्यो पट्ट्या वरनं घालवतोय बघा." बॉल आभाळात! पोरांच्या माना मॅचकडून वस्तादांकडं वळल्या. तिसरी, चौथी, सगळ्या बरोबर! मॅच संपली तेव्हा जिंकणाऱ्या टीमचं राहिलं बाजूला, पोरांनी वस्तादांना खांद्यावर घेतलं! आठवडाभर हेच. एक जण पाया पडून विचारत होता, आमची म्हैस कधी विणार!

शेवटी मला राहवेना. मी जाऊन म्हटलं, "वस्ताद, डबी काढून साधी वायर टाकतो. दोन्ही टीव्ही अगदी बरोबरीनं चालतील."

वस्तादांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "भावा, मी तुजं काय वाईट केलंय?"

*

आता ते बिद्रीचं लग्न!

मुलीच्या वडलांनी हौसेनं सांगितलं, मांडवात कॅमेरा लावा आणि त्याचं चित्र जेवणाच्या मांडवातल्या टीव्हीवर पण दाखवा. उशिरा जेवणाऱ्यांना अक्षता चुकायला नकोत. विचार चांगला होता. आम्ही लांबच लांब वायर टाकली, चित्र इतकं झकास आलं की इम्तियाज स्वतःच टाळ्या वाजवायला लागला.

मुहूर्त जवळ आला आणि मांडव रिकामा! भटजी, नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईवडील आणि आम्ही दोघे. बाकी सगळं गाव जेवणाच्या मांडवात, कारण तिथं लग्नही दिसत होतं आणि मटण संपायच्या आत पंगतही मिळत होती. जेवता जेवता लोक टीव्हीवर अक्षता टाकत होते. टीव्हीच्या मागच्या जाळीतनं नंतर आम्ही मूठभर तांदूळ काढले!

पण खरी पंचाईत वेगळीच. नवरीच्या मागं मामा उभा राहायला हवा आणि मामाच नाही. भटजी खोळंबले, मुहूर्त टळायला आला. मुलीच्या वडलांचं डोकं फिरलं. ते सरळ कॅमेऱ्यासमोर आले, भिंगात तोंड घालून ओरडले, "दाजिबा! ऊठ की! पोरगी उभी हाय मांडवात!"

पलीकडं पंगतीत मामा ताडकन उभे राहिले. टीव्हीवर मुलीच्या वडलांचं, म्हणजे त्यांच्या दाजींचं, तोंड खिडकीएवढं! मामांनी खरकटा हात पाठीमागं लपवला आणि टीव्हीलाच म्हणाले, "आलो आलो दाजी! भात तेवढा ऱ्हायलाय!"

*

शहरात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांनी आम्हाला अगदी कुजबुजत काम सांगितलं. नात दहावीला. आपल्या खोलीत मोठ्या टीव्हीवर अभ्यासाचे व्हिडिओ बघते म्हणते. खरंच बघते का, हे सरांना त्यांच्या खोलीत बसून बघायचं होतं. "तिला कळता कामा नये," म्हणाले. आम्हाला हे फारसं बरं वाटलं नाही, पण सरांनी आम्हाला दोघांनाही शाळेत छड्या मारलेल्या. नाही म्हणायची हिंमत कुठून आणायची?

पहिले काही दिवस बीजगणित. मग एका दुपारी बीजगणिताच्या जागी भुताची सिरियल! सरांनी पुरावा पक्का व्हावा म्हणून त्या दिवशी काही बोलायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही पुरावा गोळा केला. तिसऱ्या दिवशी तर सर पुराव्यासाठी शेंगा भाजून घेऊन बसले!

शेवटी तो भाग आला. तळघराचं दार उघडतंय, आत कोण आहे ते आता दिसणार, आणि तेवढ्यात सूनबाईंनी नातीला जेवायला हाक मारली. नातीनं टीव्ही बंद केला.

आणि घरभर सरांची आरोळी घुमली, "अगं ए! दार तरी उघडू दे की पुरतं!"

*

परत आण्णा-आक्का. तक्रारी करून करून आक्कांचं काय झालं होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

एके दिवशी मी आणि इम्तियाज महावीरकडं कॅमेरा बसवायला गेलो. हॉलमध्ये गल्लीतल्या बायका गोल करून बसलेल्या, मधे आक्का, सिरियलची गोष्ट सांगतायत. आम्ही शिडीवर. कान मात्र खाली!

"मग ती मोठी सून घरातनं भाईर पडली. रडत रडत नदीवर गेली. तिथं मगरीनं तिचा पाय धरला."

"आगं बया!" बायका.

"तवर तिचा नवरा आला. त्यानं मगरीला उचलून आपटलं, पंचानं हात वर केला. मग सुनंला घरी आनली, हळद-मीठ लावून ठेवली, आनि मंद आचंवर दोन्ही बाजूनं भाजून घेतली."

इम्तियाज शिडीवरून पडता पडता वाचला! आण्णांचा अंगठा आत जसा चालेल तशी आक्कांची गोष्ट बाहेर पुढं जात होती. आणि गंमत म्हणजे बायका रोज यायच्या! त्यांच्या घरात टीव्ही नव्हते अशातला भाग नाही. पण असली सिरियल कुठल्याच घरात लागत नव्हती!

खाली उतरून मी म्हटलं, "आक्का, आता तरी महावीरला सांगून वेगळा बॉक्स घ्या. तुमचं तुमाला बघता यील."

आक्का माझ्यावर खेकसल्या. "वेगळा कशाला? मग ह्ये आत काय बघत्यात ते मला कसं कळायचं?"

*

आणि आता शेवटचा.

गेल्या उन्हाळ्यात आण्णांच्या छातीत फार दुखायला लागलं. महावीरनं लगोलग कोल्हापुरात हॉस्पिटलमध्ये नेलं. बायपास करावी लागणार, वय झालंय, साखर आहे, ऑपरेशन अवघड आहे, पण केल्याशिवाय भागणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. महावीर तिकडं थांबला. आक्कांना घरीच ठेवलं, तिथं बसून त्यांचं बीपी वाढायला नको म्हणून. ऑपरेशन झालं. पण आण्णा अजून आयसीयूतच होते, आणि 'बघू' याच्यापुढं डॉक्टर काही बोलत नव्हते.

त्या दिवसांत एका सकाळी आक्का दुकानात आल्या. चालत. पायात दोन वेगळ्या चपला.

"राजू, टीव्ही बिघडलाय."

"काय झालं आक्का? चित्र येत न्हाय?"

"चित्र येतंय."

"आवाज?"

"आवाजबी येतोय."

"मग?"

"चॅनल बदलत न्हाय."

"दुसरा रिमोट चालंना व्हय?"

"रिमोटला काय धाड भरलीया? आपलं आपन बदलत न्हाय."

मी आणि इम्तियाजनं एकमेकांकडं बघितलं. इम्तियाजनं हत्यारांची पिशवी उचलली आणि मी दुकानाचं शटर ओढलं.

हॉलमध्ये टीव्हीवर एक माणूस मिक्सर विकत होता. आण्णांना घेऊन गेले तेव्हा जो चॅनल लागलेला होता, तोच. आक्कांनी टीव्ही चालू-बंद केला असेल, पण चॅनलला हात लावला नव्हता. क्रोशाच्या कव्हरमधला रिमोट शेजारीच होता.

"आतली वायर बघतो," म्हणत इम्तियाज आण्णांच्या खोलीत गेला. मी आक्कांजवळ बसलो. थोड्या वेळानं मिक्सरवाला गेला आणि क्रिकेट आलं. मग भजन. मग कसलीतरी रेसिपी.

आक्का खुर्चीत नीट बसल्या. पण रेसिपी जात नाही हे बघून म्हणाल्या, "ह्यो इम्तियाज हाय."

"तुमाला कसं कळालं?"

"खायाच्या चॅनलवर थांबला की! ह्ये न्हाईत थांबत. ह्ये थांबनार कुस्तीवर, न्हाईतर बातम्यात कबनूरचं नाव आलं तर." आणि आतल्या दाराकडं बघून ओरडल्या, "आरं भरभर बदल की! अंगठ्याला मुंग्या आल्या काय तुज्या?"

आतून इम्तियाजचा आवाज, "बदलतो आक्का!" आणि मग त्यानं जो काय सपाटा लावला! सिरियल, मगर, बातम्या, गाणी, मिक्सर, क्रिकेट! मी हसत होतो आणि माझे डोळे भरून आले होते, आणि दोन्हीची मला लाज वाटत नव्हती.

निघताना आक्कांनी दारात विचारलं, "दुरुस्त हुईल न्हवं रं?"

"हुईल की आक्का," मी म्हटलं. "वेळ लागंल जरा."

मग आमचं रोजचंच ठरलं. दुकान उघडायच्या आधी 'वायर बघायला' जायचं. इम्तियाज आत, मी बाहेर. इम्तियाजची प्रगती झाली, पण आक्का त्याला पास काही करेनात. "आज बरा हुतास," एवढंच.

आणि मग महावीरचा फोन आला. आण्णा घरी येतायत!

सगळी गल्ली गोळा झाली. आण्णा गाडीतनं उतरले, एवढेसे झालेले. कुणाशी बोलले नाहीत, कुणाकडं धड बघितलंही नाही. महावीरनं आणि इम्तियाजनं धरून आतल्या खोलीत नेऊन झोपवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलायचं नाही, गर्दी नको, विश्रांती. महावीरनं आतला टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवला आणि दार लोटून बाहेर आला. चेहरा काही ठीक दिसत नव्हता. हळूच मला म्हणाला, "हुंकारसुद्धा देत न्हाईत रे."

आक्का हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीत. समोर मिक्सरवाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आक्का, आत जाऊन बसा की जरा."

"झोपल्यात," आक्का म्हणाल्या. टीव्हीवरची नजर काढली नाही.

मिक्सरवाल्यानं कांदा घातला. टोमॅटो घातला. हॉल माणसांनी भरलेला. सगळे त्या मिक्सरकडं बघत बसलो. मिरच्या घातल्या. झाकण लावलं.

आणि झाकण लावलं तेवढ्यात टीव्हीवर मगर!

मी झटकन इम्तियाजकडं बघितलं. इम्तियाज माझ्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर! क्रोशाचं कव्हर जागच्या जागी! मगर गेली, बातम्या आल्या. बातम्या गेल्या, बाई रडायला लागली. बाईनं तोंड उघडलं नाही तोवर लाल माती, दोन पैलवान, आणि तिथं चित्र थांबलं.

महावीर भिंतीला टेकून खालीच बसला.

आक्कांनी पदर खांद्यावर ओढला, खुर्चीत ताठ झाल्या, आणि पलीकडच्या गल्लीपर्यंत जाईल असा आवाज लावून ओरडल्या,

"अवो! एक तरी धड बघू द्या की वो मला!"

आण्णांना काय ऐकू येतंय!

कुस्ती गेली, भजन आलं.